मावशींच्या हॉलमधला फुलपाखरू मासा

मालवणात आमचा एक लहानसा गट आहे. कुणी बँकेत आहे, कुणी होडी चालवतो, मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. सुट्टीच्या दिवशी आम्ही पाठीला हवेची टाकी बांधून किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर उतरतो आणि मासे मोजतो. पकडत नाही, नुसते मोजतो. याचे पैसे मिळत नाहीत हे कळलं की विचारणाऱ्याचा अर्धा रस तिथंच संपतो. हे मासे खायचे नसून बघायचे आहेत हे कळल्यावर उरलेला अर्धाही जातो.

हेच काम घेऊन आम्ही नांदेड-लातूरला जाऊन आलो, असं मी परतल्यावर सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. समुद्रापासून इतक्या लांब माशांचं काय काम, असं बहुतेकांना वाटलं. कारण साधं होतं. खडकांवरचे रंगीत मासे काचेच्या टाकीत ठेवायची हौस आता आतल्या शहरांपर्यंत पोचली होती. यातले काही मासे टाकीत जगत नाहीत. फुलपाखरू मासा त्यातलाच. तो प्रवाळाचे जिवंत कण कुरतडून पोट भरतो. टाकीत प्रवाळ नसतं, दुकानातलं खाणं तो तोंडात धरून थुंकतो, बारीक होत जातो आणि मरतो. घेणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो दुसरा आणतो. असा घेणारा किनाऱ्यावर राहत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर बसून त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे वाघमारे सर आपल्या मुलांना घेऊन एकदा मालवणला आले होते. ते म्हणाले, आमच्याकडं या आणि बोला. मुख्याध्यापकांनी मला रजा दिली. सोबत फ्रान्सिस आला. फ्रान्सिस हा माझा पाण्याखालचा जोडीदार, देवबागच्या, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या घरातला. पाण्यात आम्ही एकमेकांना सोडून कुठं जात नाही. जमिनीवर तो मला टीचर म्हणतो आणि माझं बोलणं फार झालं की माझ्या पायावर पाय देतो. या प्रवासात माझे पाय बरेच दुखले.

नांदेड

वाघमारे सरांच्या पत्नींनी पहिल्याच दिवशी आमच्यासाठी मासा केला होता. मरळ, गोदावरीतली. चिंच, शेंगदाण्याचं कूट, तिखटजाळ रस्सा आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडे माशाला खोबरं नसलं की ते आजाऱ्याचं जेवण समजतात. फ्रान्सिस पहिल्या घासाला जरा थबकला, पण नंतर त्यानं ताट पुसून घेतलं. मी पिशवीतून आमसुलं काढून दिली. बाईंनी ती वासावरून ओळखली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तुरीच्या वरणात घातली आणि ते वरण अजून माझ्या जिभेवर आहे.

संध्याकाळी सरांनी आम्हाला विष्णुपुरीला नेलं. धरणाच्या भिंतीमागं पसरलेलं पाणी पाहून फ्रान्सिसला राहवेना. काठावर उकिडवा बसून त्यानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "टीचर, हयसर माका माझोच हात दिसणा नाय. मासे कशे मोजूचे?" सर म्हणाले, आमच्याकडं मोजत नाहीत, वजन करतात.

शाळेतला आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. मैदानावर लांब दोरी अंथरायची. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे रंगीत मासे काठ्यांवर लावायचे. मुलांनी जोडीनं दोरीवरून चालायचं, एकानं डावीकडचे मोजायचे, दुसऱ्यानं उजवीकडचे. अट एकच, पाण्याखाली तोंडात नळी असते म्हणून एक शब्द बोलायचा नाही. नांदेडची मुलं काय वाटेल ते करतील, गप्प मात्र बसणार नाहीत. "ए, त्यो बघ पिवळा" करत त्यांनी सगळं मैदान डोक्यावर घेतलं. नंतर वर्गात बसल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, हा मासा खाता येतो का. मी म्हटलं, येतो. "मंग नुसतं मोजून कामून सोडता?" असं तो म्हणाला आणि वर्ग हसला. मीही हसले. त्याला उत्तर द्यायला मला अख्खा तास लागला, पण तो तास चांगला गेला.

कंधार

लातूरला जायच्या वाटेवर एक दिवस कंधारला थांबायचं होतं, कारण वाघमारे सरांची बहीण तिथं असते. खरा प्रसंग निघताना, नांदेडच्या बस स्टँडवर घडला. आमच्याकडे मुलांना दाखवायला हवेची टाकी होती. कंडक्टरनं ती पाहिली आणि दोन्ही हात आडवे केले. गॅसचं सिलेंडर एसटीत चालत नाही. मी म्हटलं, यात गॅस नाही, हवा आहे. तो म्हणाला, हवा भरून कोण फिरतं बाई? त्याचंही बरोबर होतं. शेवटी फ्रान्सिसनं टाकीचा नळ उघडला आणि फुस्स करून सगळी हवा स्टँडवर सोडून दिली. भोवती जमलेल्या माणसांनी ती हुंगून पाहिली. वास नाही म्हटल्यावर कंडक्टरनं टाकीचं अर्धं तिकीट फाडलं आणि आम्ही बसलो.

कंधारचा किल्ला भुईवर आहे आणि भोवती पाण्याचा खंदक. आमचा किल्ला समुद्रात उभा, त्याला सगळा समुद्रच खंदक. खंदकातल्या हिरव्या पाण्यात एक म्हैस निवांत बसली होती. फ्रान्सिसला तो किल्ला आवडला. दगडातलं काम बघत तो इतका वेळ फिरला की जेवणाला उशीर झाला.

सरांची बहीण आणि मेहुणे पोस्टाजवळ राहतात. मेहुणे पोस्टातच आहेत. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली मुलीनं दहावीला मिळवलेलं पदक. मुलीचं नाव दीपाली. ती लातूरला बारावी करत होती, डॉक्टर व्हायचं म्हणून. आमची लातूरची राहायची सोयही तिच्याच बोर्डिंगात केली होती. म्हणजे माझी. तिथं पुरुषाला फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे फ्रान्सिसची सोय एका लॉजवर होती. दीपालीच्या आईनं लेकीसाठी धपाट्यांचं गाठोडं आमच्याकडे दिलं आणि मी माशांचं काम करते हे ऐकून खूश होऊन म्हणाली, "बोर्डिंगच्या मावशी किल्लारीकडच्या हायत. त्यांच्या हॉलात समिंदरातला मासा हाय. जमीन हलायच्या आधी त्यो पळायला लागतो. मनून तर लेकरू तिथं ठिवलं."

मी तोंड उघडलं. फ्रान्सिसनं माझ्या पायावर पाय दिला. मग मी धपाटा खाल्ला.

बसमध्ये मात्र मला चैन पडेना. काळ्या रानात ज्वारी उभी होती, तुरीचे ढीग पडले होते, मधूनच हुरड्याचा धूर दिसत होता, आणि माझ्या डोक्यात तो मासा. समुद्रातल्या माशाला भूकंप आधी कळतो, असं खात्रीनं सांगावं असं काहीही माझ्या वाचनात नव्हतं. इतकी वर्षं पाण्याखाली जाऊन माशांच्या वागण्यात मला तसलं काही दिसलंही नव्हतं. आणि इथं माणसं त्याच्या भरवशावर पोरी ठेवत होती. फ्रान्सिस म्हणाला, आपण पाहुणे आहोत. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे.

लातूर

लातुरात स्टँडबाहेर पडल्यापासून फलक सुरू होतात. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो, त्यांच्या वरती क्लासच्या सरांचा त्याहून मोठा फोटो. गल्लोगल्ली मेस, झेरॉक्स, "मुलींसाठी खोली मिळेल". पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली सायकलवरून सूत्रं पाठ करत जातात. आमच्या गावात इतकी माणसं फक्त जत्रेला एका दिशेनं चालतात. बारावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून ही गर्दी मान खाली घालून चालली होती.

एका क्लासनं आम्हाला भौतिक आणि रसायनच्या मधली सुट्टी बोलायला दिली होती. हॉलमध्ये आमच्या शाळेतल्या सगळ्या वर्गांची मिळून असतील तेवढी मुलं. मी प्रवाळाची चित्रं दाखवली, फ्रान्सिसनं टाकी पाठीवर चढवून दाखवली. पहिला प्रश्न आला, हे सीईटीला येतं का. मी म्हटलं, नाही. पेनं खाली ठेवल्याचा आवाज मला व्यासपीठावर ऐकू आला. मग मात्र गंमत झाली. लिहून घ्यायचं नाही म्हटल्यावर मुलं खरोखर ऐकायला लागली.

दुपारी आम्ही माशांचं दुकान शोधून काढलं. मालक सलीमभाई. त्यांचे वडील याच दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे, भिंतीवर दोन बंद घड्याळं अजून होती. सलीमभाईंनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला आणि माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. किल्लारीच्या भूकंपाला बारा-तेरा वर्षं झाली, म्हणाले, पण मधूनमधून जमिनीतून गुडगुड आवाज येतो आणि त्या आठवड्यात मासे जास्त विकले जातात. "मछली को पहले पता चलता है, ऐसा मैं नहीं बोलता बाई. लोकच येऊन मला सांगतात. मी मासे इकतो, जलजला न्हाई इकत." फुलपाखरू मासा पुन्हा मागवणार नाही, असं त्यांनी कबूल केलं, आणि तो जगतच नाही हे आपल्यालाही दिसत होतं असंही म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. मावशींच्या टाकीसाठी म्हणून समुद्राचं मीठ आणि खारटपणा मोजायची काचेची नळी त्यांनी आम्हाला आपणहून दिली.

बोर्डिंग

बोर्डिंगचं घर मावशींच्या भावाचं. दुमजली, स्लॅबचं. पुढं भलंमोठं मोकळं अंगण. लातुरात त्या वेळी वीतभर जागेवर माणसं खोल्या चढवत होती, पण मावशींनी अंगणात साधी पत्र्याची शेडसुद्धा उभी राहू दिली नव्हती. त्यांची स्वतःची बाज बारा महिने अंगणातच. पाऊस आला की वर मेणकापड.

मावशींचं नाव कलावती. पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. मी जेवायला बसले तर ताटात चार भाकरी एकदम ठेवल्या आणि तेवढ्या संपेपर्यंत समोरून उठल्या नाहीत. भाकरीवर कच्चं तेल, शेंगदाण्याची चटणी, उडदाचं घुटं. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना विचारतात, इथं विचारत नाहीत.

मासा हॉलमध्ये होता. एकटाच. फुलपाखरू मासा, पिवळा, तिरप्या काळ्या रेघांचा, आणि कागदासारखा पातळ झालेला. या जातीचे मासे जोडीनं राहतात. जोडीदार आधीच मेला होता. पाणी उन्हानं आटलं की मावशी वरून आणखी मीठ टाकत, त्यामुळे टाकीतलं पाणी समुद्रापेक्षा बरंच खारट झालं होतं. मी कपाळावर हात मारला. मावशींना म्हटलं, पाणी बदलायला हवं, नाहीतर हा चार दिवसांचा सोबती आहे. त्या लगेच म्हणाल्या, बदला बाई, लागेल ते करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रान्सिसनं फाटकाबाहेर रस्त्यावर बसून बादल्यांमध्ये मिठाचं पाणी तयार केलं. एकेक बादली तो फाटकावरून आत देई आणि मी हॉलमध्ये नेई. येणारे-जाणारे विचारत, काय करायलाव? तो म्हणे, समुद्र. मुली आपापल्या खोल्यांत अभ्यासाला बसल्या होत्या. मी जुनं पाणी थोडं काढलं, नवं ओतायला लागले, आणि नळी नीट बसवायला हात आत घातला. कालपासून एका कोपऱ्यात गप्प राहिलेला मासा घाबरला. तो सैरावैरा पळाला, काचेवर आपटला, उलटा फिरून पुन्हा आपटला.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी हातातली थाळी उलथन्यानं बडवायला सुरुवात केली आणि बडवत बडवतच अंगणात धावल्या.

पुढचं मी जिन्याशी उभी राहून पाहिलं. धक्काबुक्की नाही, ओरडा नाही. वरच्या मजल्यावरून मुली ओळीनं खाली आल्या, अनवाणी, हातात पुस्तकं. एकीच्या डोक्याला साबणाचा फेस होता. भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध येऊन त्या बसल्या, प्रत्येकीची जागा ठरल्यासारखी. मग मावशी नावं घ्यायला लागल्या. गावासकट.

"कंधारची दीपाली."

"हाय."

"उमरीची सबा."

"हाय."

देगलूरची, उदगीरची, निलंग्याची. प्रत्येक "हाय" ऐकला की मावशींचा खांदा जरासा खाली येई. शेवटचं नाव झालं आणि त्या मटकन खाली बसल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, पण फ्रान्सिस फाटकाबाहेर होता आणि माझ्या पायावर पाय द्यायला जवळ कुणी नव्हतं. परीक्षा तोंडावर असताना माझ्यामुळे सगळ्यांचा अभ्यास मोडला, या ओशाळेपणात मी वर्गात बोलते तशी मोठ्यानं बोलले. म्हटलं, जमीन हलणार नाही, माझा हात पाण्यात गेला म्हणून तो पळाला. आणि खरं सांगायचं तर माशाला यातलं काही कळत नाही.

मुली माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या पाहण्यात आभार नव्हते. मावशी उठल्या आणि आत गेल्या.

दीपाली माझ्याजवळ आली. मामाची पाहुणी म्हणून आतापर्यंत माझ्याशी फार अदबीनं वागलेली मुलगी, पण तिच्या आवाजाला धार होती. "मॅडम, आम्ही बायोलॉजीवाल्या हाव. आम्हाला ठाऊक नसेल का?"

मग तिनं सांगितलं. एक मासा मेला की मावशी दुसरा आणतात, आणि मासा पळाला की थाळी वाजते. कधी दूधवाल्यानं फाटक आपटलं म्हणून मासा पळतो, कधी विजेचा पंप बंद पडला म्हणून. मुली दर वेळी खाली येतात, बसतात, आपलं नाव आलं की हाय म्हणतात. दीपाली आली त्या वर्षी एक मुलगी कंटाळून वरच राहिली, तर मावशी स्लॅबखाली जाऊन तिला उचलून आणायला निघाल्या आणि जिन्यातच कोसळल्या. त्यानंतर कुणी वर राहिलेलं नाही. नावं घेऊन झाली की मावशी आठ-पंधरा दिवस शांत असतात, नीट जेवतात. "आम्ही माशासाठी येत न्हाई खाली," ती म्हणाली.

चुलीपाशी

दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात गेले. मावशी भाकरी थापत होत्या. मला पाट सरकवून दिला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

त्यांचं गाव किल्लारीजवळ. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटेच्या अंधारात मावशी परसाकडं म्हणून बाहेर पडल्या आणि अंगणाच्या टोकाला पोचल्या तोच घर बसलं. दगड-मातीचं, दोन-तीन हात रुंदीच्या भिंतींचं. आत नवरा आणि पाच वर्षांची लेक, पुष्पा. "मी भायेर हुते. एक हाक मारायला येळ मिळाला न्हाई बाई. एक हाक. लेकरू उटून पळालं असतं." गावानं दगड उपसले, पण ते नंतर. आज पुष्पा असती तर या पोरींएवढी झाली असती, हे त्यांनी सांगितलं नाही. मी मनात हिशेब केला.

मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी मनलाव ते खरं हाय का? मासा सांगत न्हाई?"

थाप मारता आली असती. मारावी असंही क्षणभर वाटलं. पण त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की थाप मारणं म्हणजे त्यांना मूर्ख ठरवणं झालं असतं. मी म्हटलं, खरं आहे मावशी. नाही सांगत.

"मंग कोन सांगतं?"

"कुणीच नाही. अजून तरी कुणालाच कळत नाही."

त्यांनी भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवून ठेवली. म्हणाल्या, मासा तुम्ही घेऊन जा, उगं कायला कोंडायचं त्येला. मी म्हटलं, तो आता समुद्रात सोडता येत नाही, टाकीतलं दुखणं तिकडच्या माशांना लागतं. नांदेडला वाघमारे सरांच्या कॉलेजात मोठी टाकी आहे, सर नीट बघतील, जगला तर तिथंच जगेल. त्यांनी मान हलवली. मग पुढचं पीठ मळायला घेतलं आणि तेवढ्याच साध्या आवाजात म्हणाल्या, परीक्षा झाली की बोर्डिंग बंद करते. मला आता कळायला काही साधन उरलं न्हाई. दुसऱ्याच्या लेकरांची राखण मी कशी करू?

मला वाईट वाटलं, आणि नुसतं वाईट नाही, भीती वाटली. मी मासा वाचवायला आले होते आणि जाताना एका बाईचा जगण्याचा आधार काढून घेऊन चालले होते. रात्री मी त्यांच्या बाजेशेजारी अंगणात सतरंजी टाकून झोपले. थोड्या वेळानं माझ्या अंगावर एक गोधडी येऊन पडली.

निघताना

सकाळी सलीमभाई स्वतः स्कूटरवर आले. त्यांनी फाटकाबाहेर उभं राहून प्लास्टिकची जाड पिशवी, तिच्यात प्राणवायू भरायची नळी, सगळं मला आत दिलं. मासा आता झुंजत नव्हता, जाळीत अलगद आला. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. धपाट्यांच्या रिकाम्या गाठोड्यात त्यांनी आमच्यासाठी भाकऱ्या बांधून दीपालीजवळ दिल्या होत्या.

मी दीपालीला रात्रीचं सगळं सांगितलं. बोर्डिंग बंद करायचं म्हणतात, हेही. सांगणं भाग होतं, माझ्यामुळेच झालं होतं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या हातात गाठोडं दिलं आणि वर गेली.

फ्रान्सिस बाहेर माशाची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसला होता. नांदेडच्या गाडीची वेळ झाली होती. मी माझी पिशवी खांद्याला लावून फाटकाची कडी काढली, आणि मागं थाळी वाजली.

मी वळले. हॉलमध्ये टाकी रिकामी होती, तिच्यात पाणीसुद्धा नव्हतं. मुली जिन्यावरून उतरत होत्या, कालच्यासारख्याच, ओळीनं, अनवाणी, पुस्तकं छातीशी धरून. अंगणाच्या मधोमध येऊन बसल्या. थाळी दीपालीच्या हातात होती.

मावशी पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या. सगळ्या बसलेल्या पाहून थांबल्या. वर आभाळाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, मग दीपालीकडे.

"कोन वाजवली?"

"मी," दीपाली म्हणाली. "रोज कुणीतरी वाजवू. तुम्ही नावं घ्या, मावशी."

मावशी तशाच उभ्या राहिल्या. पिठाचे हात पदराला लागले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. एक मुलगी पुस्तक उघडून खाली मान घालून वाचायला लागली, पण पान उलटत नव्हतं. कुणालाही घाई नव्हती. रस्त्यावर रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला आणि फ्रान्सिसनं त्याला गप्प केलं.

"कंधारची दीपाली," मावशी म्हणाल्या.

"हाय."

"उमरीची सबा."

"हाय."

एकेक नाव होत गेलं. शेवटच्या मुलीनं हाय म्हटलं आणि मुली उठायला लागल्या, तर मावशींनी हातानं त्यांना बसवलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"मालवनच्या बाई."

मी फाटकाची कडी परत लावली, चपला काढल्या, मुलींच्या ओळीत जाऊन बसले आणि म्हणाले, "हाय."